खिडकीच्या गजाला नॅपकिन

आमच्या स्टेशनावर आता पॅसेंजर थांबत नाही. स्टेशन मात्र जिथल्या तिथं आहे. पिवळी पाटी आहे, सिमेंटची चार बाकं आहेत, कडुलिंबाची दोन झाडं आहेत आणि त्यांच्याखाली कुत्री झोपलेली असतात, ती बहुतेक तीच. सोलापूर सोडून अक्कलकोटच्या बाजूला निघालं की दहा मिनिटांत हे स्टेशन लागतं. मी इथं घर घेतलं तेव्हा आजूबाजूला शेतं होती आणि गाडी थांबत होती. आता सोसायट्या झाल्या, दोन मंगल कार्यालयं झाली, औषधाची तीन दुकानं झाली, आणि गाडी थांबत नाही. शहाण्या माणसाला हे उलटं वाटेल. मी शाळेत शिकवते, मला उलट्या उत्तरांची सवय आहे.

अजूनही सकाळी पावणेनऊच्या सुमाराला माझे कान रुळांकडं लागतात. कामात असले तरी लागतात.

या स्टेशनावरून मी सात वर्षं रोज पावणेनऊची पॅसेंजर पकडली. शाळा अक्कलकोटच्या अलीकडच्या एका गावात होती. तिथली मुलं घरी कानडी बोलायची, वर्गात मराठी, आणि माझ्यावर रुसली की परत कानडी. गाडी आमच्याकडं एकच मिनिट थांबायची. फलाट आखूड आणि बुटका, डब्याची पहिली पायरी गुडघ्याच्याही वर यायची. आम्ही पासवाले पंधरा-वीस जण. गाडी दिसली की पदर खोचून, पिशव्या खांद्याला लावून तयार. डबा चुकला की धावाधाव, आणि धावाधाव झाली की गाडी चुकलीच.

मी चिडकी आहे, हे इथंच सांगून टाकते. कुणी मदत करायला आलं की मला आधी संशय येतो आणि मग राग. नवरा म्हणतो, तुला पाण्याचा तांब्या दिला तरी तू विचारतेस, का दिला. तर अशी मी, सातवा महिना लागलेला, एका गुरुवारी त्या फलाटावर उभी होते. गुरुवारी स्वामींच्या दर्शनाला जाणाऱ्यांची गर्दी असते हे ठाऊक होतं, पण रजा बाळंतपणानंतरसाठी राखून ठेवली होती. गाडी आली. पहिल्या डब्याचं दार माणसांनी भरलेलं, दुसऱ्याचंही. तिसऱ्या डब्याच्या दारात एक बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, सावळ्या, नाकाला दोन्ही बाजूंनी चमक्या. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि दारातल्या पुरुषांना अशा शब्दांत बाजूला केलं की ते शब्द इथं लिहिता येणार नाहीत. शिवाय त्यातले निम्मे तेलुगू होते, म्हणजे मला कळलेही नाहीत. मग हात पुढं केला.

"रा अम्मा, रा."

"येईन मी माझी माझी," मी म्हणाले.

"या की. हात धरून या."

वर ओढून घेतलं मला त्यांनी, अक्षरशः. आत खिडकीजवळच्या जागेवर लाल काठाचा एक नॅपकिन पसरलेला होता आणि त्याच्या शेजारी टॉवेलांचं मोठं गठडं. नॅपकिन उचलून त्या म्हणाल्या, "बसा."

"ही कुणाची जागा?"

"नॅपकिनची हुती. आता तुमची."

डब्यातले सगळे त्यांना अक्का म्हणायचे, म्हणून मीही अक्का म्हणू लागले. मी शाळेतली बाई, म्हणून त्या मला बाई म्हणू लागल्या. तेवढ्यावर आमचं सात वर्षं भागलं.

अक्का सोलापुरातल्या विणकर वस्तीतल्या. घरची भाषा तेलुगू, बाजाराची मराठी, आणि गिऱ्हाईक बघून थोडी कानडीही. लग्नानंतर पुष्कळ वर्षं त्यांनी विड्या वळल्या. मान धरायला लागली तेव्हा ते काम सोडलं आणि टॉवेलाचा धंदा धरला. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतून त्या सेकंड माल उचलायच्या, म्हणजे विणताना एखादा धागा सुटलेला, काठ वाकडा गेलेला. तो गठड्यात बांधून रोज वेगळ्या गावच्या बाजाराला जायचं. प्रत्येक नॅपकिनाच्या एका कोपऱ्याला त्या घरी बसून रंगीत सुताची नाडी शिवायच्या, खिळ्याला अडकवायला. हिरव्या नॅपकिनाला लाल नाडी, पांढऱ्याला निळी, निळ्याला पिवळी. रंग जुळवायची भानगड नाही, जे सूत हाताला लागेल ते. "टॉवेल समदेच विकत्यात," त्या म्हणायच्या, "नाडी कोन लावतंय?"

रुमाल टाकून जागा धरायची पद्धत सगळीकडं आहे. आम्ही पडलो सोलापूरचे, आमचं रुमालावर भागत नाही, आमच्या पॅसेंजरला नॅपकिन लागायचा. टाकलेल्या नॅपकिनावर कुणी बसत नसे, मग तो कुणाचाही असो. अक्का सोलापूरलाच, रिकाम्या गाडीत चढायच्या. त्यामुळं त्यांना खिडकी मिळायची. त्या गुरुवारनंतर त्यांनी एक नवीच रीत काढली. आमचं स्टेशन जवळ येऊन गाडी हळू झाली की लाल काठाचा तो नॅपकिन नाडीनं खिडकीच्या गजाला बांधायचा आणि बाहेर सोडायचा. म्हणजे मला फलाटावरून डबा कळावा.

दुसऱ्या दिवशी मी तो पाहिला आणि मुद्दाम दुसऱ्या डब्यात चढले. कुणाचे उपकार नकोत. तिसऱ्या दिवशीही तेच केलं. चौथ्या दिवशी त्या खिडकीतून ओरडल्या, "ओ बाई! मी काय देवीचा झेंडा लावलाय व्हय? हिकडं या!" सगळा फलाट हसला. मी तणतणत चढले, आणि मग रोज चढले.

त्याचे नियम होते. नॅपकिन बाहेर असला तर जागा धरलेली आहे. मी बसले की नॅपकिन आत. गाडी हलली आणि तो बाहेरच राहिला असं कधी झालं नाही, कारण पुढं वारा लागायचा. "वाऱ्यानं नाडी उसवती," असं म्हणून त्या घाईघाईनं गाठ सोडायच्या, नॅपकिनाच्या चार घड्या करायच्या आणि मांडीवर ठेवायच्या. मग डबे उघडायचे. त्यांचा चिंचेचा भात, माझी शेंगाची चटणी आणि भाकरी. माझी भाकरी त्यांना जाड वाटायची आणि त्या तसं तोंडावर सांगायच्या.

मी पण काही कमी नव्हते. एकदा त्यांचं मराठी दुरुस्त करायला गेले. "अक्का, 'पानी' नाही, 'पाणी'." त्यांनी शांतपणे चिंचेच्या भाताचा घास खाल्ला, मग तेलुगूत एक लांबलचक वाक्य बोलल्या आणि म्हणाल्या, "आता हे दुरुस्त करा." पुढच्या स्टेशनपर्यंत सगळा डबा माझ्याकडं बघून हसत होता. त्यानंतर मी कानाला खडा लावला.

बाळंतपणाची रजा संपवून मी परत आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. सहा महिने मी गाडीत नव्हते. आज आपल्याला कोण विचारतंय, उभं राहूनच जावं लागणार, असं मनाशी घोकत फलाटावर उभी होते. गाडी आली आणि तिसऱ्या डब्याच्या खिडकीला नॅपकिन होता. मी चढले, बसले, आणि रीतीप्रमाणं आधी संशय घेतला.

"तुम्हाला कसं कळलं मी आज येणार?"

"कळलं कुटं? रोजच बांधत हुते की."

त्यांनी गठड्याच्या तळातून दोन मऊ नॅपकिन काढून दिले. आधीच चार वेळा धुऊन मऊ केलेले, लेकराच्या अंगाला टोचू नयेत म्हणून. एकाला केशरी नाडी, एकाला जांभळी. त्यातला केशरी नाडीचा अजून आमच्या बेसिनजवळच्या खिळ्याला आहे. पुसायला आता कामाचा नाही, विरलाय. पण मी तो टाकू देत नाही.

तर सात वर्षं. त्यांच्या जावयाचं पोट कशानं बिघडतं ते मला माहीत होतं. माझी सासू मला काय बोलते ते त्यांना माहीत होतं, आणि त्यावर मी काय बोलायला हवं होतं तेही त्या सांगायच्या. कोणता गुडघा त्यांचा दुखतो, कोणत्या बाजारात पाऊस आला तर आडोसा कुठं आहे, माझ्या शाळेतलं कोणतं पोर अंघोळ न करता येतं, सगळं एकमेकींना पाठ होतं. नाव मात्र आम्ही एकमेकींना कधी विचारलं नाही. नाव पहिल्या आठवड्यात विचारायचं असतं. ती वेळ गेली की मग विचारायला लाज वाटते, समोरच्याला वाटेल एवढी वर्षं हिनं आपलं नावही विचारलं नव्हतं की काय. फोन नंबरही घेतला नाही. रोज पावणेनऊला भेटणाऱ्या माणसाला फोन कशाला करायचा?

लेक पहिलीत गेली त्या वर्षी दिवाळीनंतर शाळेतल्या एका सरांनी मोटार घेतली. पांढरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली. ते आमच्याच भागात राहायचे. म्हणाले, बाई, एकटाच जातो रोज, चला की. मी आधी विचारलं, का? आणि मग हो म्हणाले. संध्याकाळची पॅसेंजर मला सात वाजता घरी पोचवायची, मोटार साडेपाचला. तो दीड तास लेक शेजाऱ्यांच्या पायरीवर माझी वाट बघत बसायची. कारण खरं आहे. मी अक्कांना सांगितलं असतं तर त्या नक्की म्हणाल्या असत्या, जावा की, लेकरू वाट बघतंय. पण मी सांगितलंच नाही.

पहिल्या दिवशी वाटलं, बघू तरी, जमतंय का. दुसऱ्या दिवशी वाटलं, आठवडाभर जाऊन बघू, मग सांगू. स्टेशन माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. एखाद्या सकाळी नुसतं फलाटावर उभं राहून खिडकीपाशी दोन वाक्यं बोलता आली असती. गाडी मिनिटभर थांबायची, तेवढं पुरलं असतं. पण आठवडा गेल्यावर सांगायचं म्हणजे आठवडाभर का सांगितलं नाही तेही सांगायला लागणार. महिन्यानंतर तर तोंडच राहिलं नाही.

आणि ते फाटक. स्टेशनाच्या पुढं दोनशे पावलांवर रेल्वे फाटक होतं. ते ओलांडल्याशिवाय आम्हाला मोठा रस्ता लागत नसे. सर घड्याळाचे पक्के आणि पॅसेंजरही बऱ्यापैकी पक्की, त्यामुळं बहुतेक रोज आमची मोटार फाटकात अडकायची. सर इंजिन बंद करायचे. शेजारी दुधाच्या मोटारसायकली, कारखान्याला जाणाऱ्यांच्या सायकली, एखादी उसाची ट्रॉली. आणि समोरून, हातभर अंतरावरून म्हणावं इतक्या जवळून, नुकतीच स्टेशनातून निघालेली पॅसेंजर हळूहळू जायची. पहिला डबा, दुसरा डबा, आणि तिसऱ्याच्या खिडकीच्या गजाला लाल काठाचा नॅपकिन.

तो आत घ्यायला हवा होता. गाडीनं स्टेशन सोडलं होतं, मी चढले नव्हते, नियमानं तो आत जायला हवा होता. तो बाहेरच होता, वाऱ्यावर फडफडत. त्याच्यामागं अक्कांचा चेहरा. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी पटकन खाली वाकून पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. सरांनी विचारलं, "काय हरवलं बाई?" मी म्हणाले, "पेन."

त्यानंतर रोज माझं पेन हरवायला लागलं. दुसरा डबा गेला की मी मान खाली घालायची. पण घालण्याआधी एकदा चोरून बघायचीच, आज तरी नाही ना म्हणून. असायचाच. मला त्या नॅपकिनाचा राग यायला लागला. वाटायचं, हा मला दाखवायलाच ठेवलाय. गरज सरो वैद्य मरो, असं रोज सकाळी मला कुणी ऐकवतंय, आणि तेही फाटकात, चारचौघांत. माणसानं किती टोमणे मारावेत, असं मी मनातल्या मनात अक्कांशी भांडायची. त्या गाडीत, मी मोटारीत, मधे फाटकाचा दांडा. संध्याकाळी लेकीचा हात धरून घरी येताना मात्र ठरवायची, उद्या लवकर निघू आणि फलाटावर जाऊ. त्या उद्याची वाट बघता बघता मार्च आला.

कोरोनाचे दिवस सगळ्यांनाच माहीत आहेत. शाळा बंद, गाड्या बंद. रूळ गंजलेले बघायला आम्ही गच्चीवर जायचो. मला सगळ्यात आधी अक्का आठवल्या. बाजार बंद म्हणजे त्यांचं काय? वय साठीच्या घरात, गुडघा असा, वस्ती दाट. विचारणार कुणाला? नाव नाही, नंबर नाही. मला इतकंच माहीत होतं की त्यांचा उजवा गुडघा दुखतो आणि जावयाला वांगं चालत नाही.

पुढं गाड्या सुरू झाल्या. सकाळची गाडीही सुरू झाली, वेगळ्या वेळेनं, आणि आमच्या स्टेशनावर न थांबता. आम्ही जुन्या पासवाल्यांनी सह्या करून निवेदनं दिली. अजून देतो. फाटकाच्या जागी खालून भुयारी रस्ता झाला. आता मोटार रुळांच्या खालून जाते, गाडी वरून जाते, आणि कुणालाच कुणी दिसत नाही. सर खूश आहेत, अडकायला होत नाही म्हणतात. मला ते फाटक इतकं आठवतं की सांगता येत नाही. ज्या नॅपकिनाकडं मला बघवत नव्हतं, तो एकदा दिसावा म्हणून जीव तुटायचा.

मी शोधलं. सुट्टीच्या दिवशी अक्कलकोटच्या बाजूचे बाजार पालथे घातले. पण बाजार सात वारांचे आणि माझी सुट्टी एका वाराची. विणकर वस्तीतही गेले. रिक्षावाले चाचा भले गृहस्थ होते, बोळाबोळातून फिरवलं त्यांनी. शेवटी विचारलं, "नाम क्या बोले आप?" मी म्हणाले, नाव माहीत नाही, सगळे अक्का म्हणतात, टॉवेल विकतात. त्यांनी रिक्षा बंद केली आणि पूर्ण मागं वळून माझ्याकडं बघितलं. "सात साल बाजू में बैठे बोलते, और नाम नई मालूम?" एका घरापुढं नळावर बायका होत्या, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "कुठली अक्का? हितं निम्म्या अक्का हायत, निम्म्या अम्मा." त्या हसल्या आणि मीही हसले. परत येताना रिक्षात मला रडू आलं, ते मी चाचांना धूळ गेली म्हणून सांगितलं.

अशी वर्षं गेली. गेल्या महिन्यात आम्ही नात्यातल्या एका साखरपुड्याला करकंबला गेलो होतो. करकंब पार दुसऱ्या अंगाला, पंढरपूरच्या पलीकडं. बाजाराचा दिवस होता. जेवणं व्हायला वेळ होता म्हणून मी बाजारातून एक चक्कर टाकली, भाजी बघायला. कोपऱ्यावर ताडपत्री टाकून एक तिशीतली बाई टॉवेल विकत होती. मी पुढं गेले आणि मागं आले. पिस्ता रंगाच्या नॅपकिनाला लाल नाडी होती. त्याच्याखालच्या पांढऱ्याला निळी. मी अख्खी चळत उलटी केली. प्रत्येकाला नाडी, आणि एकाचाही रंग जुळत नव्हता.

"घेनार का नुसतं उचकटनार?" ती म्हणाली.

"या नाड्या कोण शिवतं?"

"मीच की. सासूनं शिकवलं."

"तुमच्या सासूबाई अक्कलकोटच्या पॅसेंजरनं बाजाराला जायच्या का?"

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. हातातला टॉवेल खाली ठेवला. "तुमी खिडकीच्या बाई व्हय? शाळंच्या?"

मी मान हलवली. तिनंच मला गठड्यावर बसवलं आणि सांगितलं. अक्का आहेत. गुडघे गेले, बाजार सुटला. तीन वर्षं झाली, भिवंडीला लेकीकडं असतात. तिनं नंबर सांगितला. मी फोनमध्ये लिहून घेतला आणि नावाच्या जागी 'अक्का' टाकलं. तेवढ्यात ती म्हणाली, थांबा, आत्ताच लावते, आणि तिनं तिच्या फोनवरून लावला. "अत्तम्मा," ती म्हणाली आणि पुढं तेलुगूत काहीतरी बोलली, त्यात 'बाई' हा शब्द तीनदा आला. मग फोन माझ्या हातात दिला.

"बाई?" आवाज बारीक झाला होता, पण तोच. "कुटं हायसा? बसाया जागा मिळतीया का गाडीत?"

मी म्हणाले, मिळते. थांबत नसलेल्या गाडीत मला जागा मिळते, असं मी म्हणाले.

"लेक कितवीला?"

"सातवीत आहे."

"अगं बाई. आन् तुमी? अजून चिडताव का?"

मी हसले असेन. मग मला वाटलं, आता नाही सांगितलं तर हेही राहून जाईल. मी एका दमात बोलले. "अक्का, तेव्हा मी गाडी सोडली ती बदली झाली म्हणून नाही. आजारीही नव्हते. शाळेतल्या सरांच्या मोटारीनं जात होते. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. तुम्ही रोज जागा धरत राहिलात आणि मी फाटकात बसून बघत राहिले. माझं फार चुकलं."

फोन कटला की काय म्हणून मी तो कानापासून दूर धरून बघितला.

"म्हाईत हाय की," अक्का म्हणाल्या. "पांढरी गाडी. तुमी डाव्या अंगाला बसायच्या. दुसऱ्याच दिशी दिसल्या मला."

"मग जागा कशाला धरत होता?"

"जागा कुटली? जागा दिली की मी एका नर्सबाईला बसाया. नॅपकिन तेवढा ऱ्हाऊ द्यायची गजाला, फाटकापत्तुर. म्हनलं, बाई फाटकात असती, तिला दिसू दे. अक्का हाय गाडीत, बरी हाय, येवढं कळलं म्हंजे झालं. दोनदा नाडी उसवली वाऱ्यानं. परत शिवली."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी मुलांना शंभरदा शिकवलं असेल. चार महिने मी ज्याला टोमणा समजून मान खाली घालत होते, त्यातून अक्का मला आपली खुशाली कळवत होत्या. माझ्या हातात तो पिस्ता नॅपकिन होता आणि मी त्याची नाडी बोटाला गुंडाळत होते.

"बाई? हाय का?"

"आहे."

"जाऊ द्या त्ये," अक्का म्हणाल्या. आणि मग त्यांचा आवाज एकदम रुसल्यासारखा झाला, सात वर्षांत मी तो तसा कधी ऐकला नव्हता.

"पर बाई, तुमी येकदाबी हात न्हाई केला ओ. मी रोज बघायची. तुमी रोज खालीच बघायच्या."